अर्धलीच्या पांढऱ्या कोंबड्या

आमच्या घराण्यात प्रवासाला निघायची कारणं तीनच: लग्न, मयत आणि कोर्ट. कोंबड्यांसाठी घाट चढणारा पहिला पुरुष मीच. म्हणून परत आल्यावर घरात, आळीत आणि दुकानाच्या फळीवर बसून ही हकीकत मला इतक्यांदा सांगावी लागली की शेवटी आमची ही म्हणाली, “लिहून काढा एकदाची. म्हणजे दर खेपेला नवीन कोंबडी तरी घुसणार नाही त्यात.” तेव्हा लिहितो आहे. कोंबड्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आहेत.

माझी धाकटी बहीण कुसुम पिंपरीला असते. तिचे यजमान वसंतराव तिथल्या नव्या पेनिसिलिनच्या कारखान्यात आहेत. कुसुमनं मागल्या दारी विलायती पांढऱ्या कोंबड्या पाळल्याचं आम्ही ऐकून होतो. पौषात गावातला एकजण तिकडून आला आणि त्यानं निरोप दिला: पिल्लं पटापट मरतायत, कुसुमनं खाणंपिणं सोडलंय, दादाला पाठवा.

दादाला, म्हणजे मला. कोंबड्यांतलं मला कळतं असा आमच्या घरी समज आहे. तो एका कोंबड्यामुळे झाला. हा कोंबडा माझ्या देखरेखीखाली फार वर्षं जगला. खरं म्हणजे तो इतका निबर होता की त्याला कापायला कोणी तयार होईना. पण वैद्याची कीर्ती अशीच होते. आईनं राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलेला नारळ पिशवीत टाकला, आणि मी निघालो.

पिंपरी

आमच्या राजापूरकडच्या माणसाला देशावर आलं की पहिल्यांदा उघडं पडल्यासारखं वाटतं. डोंगर नाही, माड नाही, पुढचं गाव इथूनच दिसतं. हिवाळ्यात ज्वारी उभी होती, तिच्या पलीकडे कारखान्याची पांढरी इमारत, आणि या दोहोंच्या मध्ये एक वास. पीठ भिजवून विसरून गेलं की तिसऱ्या दिवशी येतो तसला आंबूस वास. मी नाक मुरडल्यावर वसंतराव जरा अभिमानानंच म्हणाले, “आमची बुरशी.” मोठमोठ्या टाक्यांतून ते बुरशी वाढवतात आणि तिच्यापासून औषध काढतात. नवरा बुरशी पाळतो नि बायको कोंबड्या. संसार असा मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं बिऱ्हाड पारूआक्कांच्या घरात होतं. आक्का म्हणजे गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या थोरल्या. अंगापिंडानं मोठ्या, आवाज त्याहून मोठा. मला पाहताच म्हणाल्या, “आलं का पावनं! कोकनातल्या बाईंचं भाऊ नव्हं तुमी? बसा. भाकर खाता का भातच लागतो?”

मी म्हटलं, “भाकरी चालेल की.”

“चालंल म्हंत्यात,” आक्का घरात बघून ओरडल्या, “म्हंजी भातबी टाका.”

त्या रात्री पाहुणा म्हणून मला शेतात हुरड्याला नेलं. निखाऱ्यात भाजलेलं कणीस तळहातावर चोळून कोवळे दाणे तोंडात टाकायचे. मी पहिलं कणीस चोळलं आणि ओरडलो. इथल्या माणसांचे तळहात आणि आमचे यांत हा फरक आहे, बाकी माणसं सारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमनं खुराडं दाखवलं. मोठ्या कोंबड्या ठणठणीत होत्या. पांढऱ्याशुभ्र, तुरे लालबुंद. पिल्लं मात्र कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पंख पाडून, डोळे मिटून उभी. शेपटीखाली पांढरी हगवण चुन्यासारखी सुकून बसलेली. त्यांतलं एक माझ्या देखत आडवं झालं. मी, कोंबड्यांतलं कळणारा, गंभीरपणे म्हणालो, “सर्दी असेल.”

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. मग आमच्या बालपणातल्या आवाजात म्हणाली, “दादा, काही येत नसलं तर नुसता बस. पण बस इथंच.”

मी बसलो. तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

विलायती कोंबडी अंडी भरपूर घालते, पण उबवायला बसत नाही. गावठी कोंबडी उलट: अंडी थोडी, पण खुडूक झाली की अंड्यांवरून हलत नाही. कुसुमकडे अंडी होती, गावातल्या बायकांकडे खुडूक कोंबड्या. मग आक्कांनीच अर्धल घालून दिली. इथं गाय, शेळी, जमीन, सगळं अर्धलीनं देतात: एकाचा माल, दुसऱ्याची मेहनत, उत्पन्न निम्मं निम्मं. कुसुमची अंडी, बायकांची ऊब, पिल्लं अर्धी अर्धी. वर्षाच्या आत गावभर पांढऱ्या कोंबड्या झाल्या. आक्कांच्या भावाकडे दिघीला गेल्या, लेकीकडे चाकणला गेल्या.

“दादा, मी इथं आले तेव्हा पाण्याला गेले की बायका गप्प व्हायच्या,” कुसुम म्हणाली. “कारखान्याची माणसं आज आहेत, उद्या बदलून जातील, त्यांच्याशी काय बोलायचं? या अंड्यांनी मला दारं उघडून दिली. आता मला प्रत्येक घरात बसायला पाट आहे. हे गेलं तर मी पुन्हा भाड्याच्या खोलीतली बाई.”

आईचा नारळ आम्ही त्याच दिवशी खुराड्यापुढे फोडला. खोबरं आक्कांनी चटणीत घातलं. चटणी फार छान झाली. पिल्लं मरायची थांबली नाहीत.

पुण्याची बस

पिल्लांवर औषध नव्हतं असं नाही. सरकारी जनावरांचे डॉक्टर अधूनमधून येत. पहिल्या वर्षी त्यांनीच सल्फाची पूड दिली होती. तिनं मेलेली पिल्लं उठली, असं आक्का सांगायच्या. यंदा तीच पूड पाण्याबरोबर वाया जात होती. डॉक्टरांनी चौकशी केली आणि सांगितलं, ताजी मेलेली पिल्लं पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवा, तिथं बघतील.

हे काम अर्थातच पाहुण्याला. ओल्या फडक्यात पिल्लं गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून, झाकणाच्या डब्यात भरून कुसुमनं माझ्या हातात दिली. मी बसमध्ये शिरलो. शेजारी चाकणचे एक कांद्याचे व्यापारी होते, फेटेवाले, प्रेमळ. मला बसायला जागा करून देताना त्यांनी डबा आपल्या मांडीवर घेतला. “द्या हिकडं. काय हाय, फराळाचं दिसतंय.”

आता खरं सांगावं तर ते डबा फेकतील. मी म्हटलं, “हं.”

देशावरच्या माणसाचा एक नियम त्या दिवशी मला कळला. डबा ज्याचा असेल त्यानं एकट्यानं खायचं नाही. थोडं अंतर गेल्यावर व्यापाऱ्यांनी आपली शिदोरी सोडली, बाजरीची भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला आणि निम्मी मला दिली. मी खाल्ली. उत्तम होती. मग ते थांबले. माझ्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा डब्याकडे बघितलं.

“तुमचं?” ते म्हणाले.

“हे… बहिणीनं दिलंय. पुण्याला द्यायचंय.”

“चव तरी बगू. बहिनीच्या हाताची.”

“बरं नाही ते.”

“असं कसं म्हंता राव! बहिनीनं केल्यालं बरं न्हाई?” पुढच्या बाकावरच्या दोघींनी मान वळवली. “बगा हो, कोकनातली मानसं. आमची भाकर खाल्ली नि डबा झाकून बसलं.”

माझी इभ्रत आणि राजापूर तालुक्याची इभ्रत, दोन्ही टांगणीला लागली होती. शेवटी मी त्यांच्या कानाशी लागून डब्यात काय आहे ते सांगितलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी, ओवाळणीचं तबक उचलावं तसा, माझ्या मांडीवर ठेवला आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना मात्र म्हणाले, “आमच्याबी मेल्यात पिल्लं. काय निगालं तर कळवा चाकनला.”

प्रयोगशाळेत एका तरुण गृहस्थानं डबा घेतला आणि चार-पाच दिवसांनी यायला सांगितलं. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यानं मला काचेची एक चपटी बशी दाखवली. तळाशी गोठलेली पेज असावी तसा थर, त्यावर जंतूंची साय, आणि सायीवर कागदाच्या गोल टिकल्या, आपल्या बायका लावतात तेवढ्या.

“प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलंय,” तो म्हणाला. “औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. स्वच्छ कडं पडतं. ही बघा.”

एका टिकलीभोवती खरोखरच चंद्राला खळं पडावं तसं कडं होतं. दुसऱ्या एका टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते, जणू ती तिथं नव्हतीच.

“ही कसली?”

“सल्फा. तुमच्याकडच्या जंतूंना ती आता पचलीय. साल्मोनेला म्हणतात या जंतूला. पूर्ण औषध मिळालं असतं तर बहुतेक मेले असते. थोडं थोडं मिळालं की कच्चे मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढं त्यांचीच पिलावळ. किती देत होतात?”

मी म्हटलं, “विचारून सांगतो.” पण उत्तर मला आक्कांच्या चुलीपाशी आधीच मिळालेलं होतं. कुसुमकडे पूड आहे म्हटल्यावर दारात वाट्या आल्या होत्या. पहिल्या वर्षी तिनं सगळ्यांना चिमूट चिमूट दिली, तीर्थ द्यावं तशी. नाही कुणाला म्हणणार? ज्यांच्या कोंबड्यांखाली तिची अंडी होती त्यांना? बायकांनी चिमटीतली अर्धी पिल्लांच्या पाण्यात टाकली, पिल्लांनी मान वर केली की बंद केली, आणि उरलेली पुढल्या खेपेला म्हणून पदराच्या गाठीला ठेवली. बसमधल्या भाकरीसारखंच. निम्मं निम्मं.

निघताना मी त्या गृहस्थाला विचारलं, “आमच्या मेहुण्यांचं पेनिसिलिन?”

त्यानं तिसरी टिकली दाखवली. तिलाही जंतू चिकटून होते. “ते या जंतूसाठी नाहीच.”

वसंतरावांना हे ठाऊक होतं. ते गावात केव्हाचे सांगत होते. पण अख्खा कारखाना औषधाचा असताना कोंबडीला एक चिमूट मिळत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? गावात त्यांचं नाव तेव्हापासून कंजूष म्हणून पडलं होतं.

पांढरी फरशी

दोन दिवसांनी डॉक्टर आले ते एक पांढरी फरशी आणि जांभळ्या पाण्याची कुपी घेऊन. जंतू अंड्यातूनच येतात, त्यांनी समजावलं. आई वरून धट्टीकट्टी असते, पण लहानपणी जगून गेलेला रोग तिच्या पोटात राहतो आणि अंड्यात उतरतो. तेव्हा पिल्लांचं बघू नका, आयांचं बघा.

कोंबड्या धरायचं काम मला दिलं. मी धरायचो, त्या सुटायच्या, वसंतराव धरायचे. डॉक्टर पंखाखालची शीर टोचत, रक्ताचा ठिपका फरशीवर घेत, त्यात जांभळा थेंब मिसळत आणि फरशी हलकेच डोलवत. काही ठिपके सरबतासारखे एकजीव राहिले. काही बघता बघता फुटले, फाटलेल्या दुधासारखे त्यात कण कण झाले.

“ही गेली,” कण दिसले की डॉक्टर म्हणत.

कुंपणापाशी बायका जमल्या होत्या. आक्का सगळ्यांच्या पुढे. कुसुमची सगळ्यांत देखणी कोंबडी आली, गावात अर्ध्याहून जास्त पिल्लं तिच्या अंड्यांची. ठिपका फुटला.

“ही?” कुसुम म्हणाली. “ही तर एक दिवस चुकत नाही अंड्याला.”

“म्हणून तर,” डॉक्टर म्हणाले.

शेवटी ठिपका न फुटलेल्या कोंबड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. डॉक्टरांनी फरशी पुसली. बाकीच्या मारायच्या. अंडी उबवायला द्यायची नाहीत. नीट शिजवून खायला हरकत नाही, पण चिरल्यावर हात, विळी, पाट सगळं कडकडीत पाण्यानं धुवायचं, आणि खुराड्याला चुना. नवी पिल्लं ते सरकारी फार्मवरून देतील, तपासलेल्या आयांची. सोबत नवं औषध आहे, पण ते त्यांनी सांगितल्याशिवाय, सांगितलं त्याहून कमी आणि दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही. “आणि ज्या ज्या घरी तुमच्या अंड्यांच्या कोंबड्या आहेत तिथंही हेच करायला हवं. नाहीतर नवी पिल्लं आणून उपयोग काय?”

हे शेवटचं वाक्य कुंपणाबाहेर नीट ऐकू गेलं.

“म्हंजी आमच्याबी कापायच्या?” मागून कुणीतरी म्हणालं. “रोग हिच्या अंड्यात, नि कापायच्या आमच्या?”

आक्का गप्प बसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. बायका एकेक करत गेल्या.

त्या दुपारी कोंबड्या मारायचा प्रश्न आला. वसंतराव बुरशीखेरीज कुणाच्या जिवावर उठलेले नव्हते. तेव्हा ते काम कोंबड्यांतलं कळणाऱ्याकडे आलं. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे राखणीच्या कोंबड्याला मी सुरी लावतो तेव्हा मागं ढोल असतो आणि पुढं जेवण असतं. इथं दोन्ही नव्हतं. खायचं मन कुणाचंच नव्हतं; खड्डा होता आणि चुना होता. कुसुमनं एकेक कोंबडी स्वतः आणून दिली.

दिघी

पिंपरीतल्या बायकांनी ऐकलंच होतं. दिघीला आणि चाकणला मात्र जाऊन सांगायला हवं होतं. “मीच सांगणार,” कुसुम म्हणाली. “दुसऱ्याकडून कळलं तर मी लपवलं असं होईल.” आक्का आल्या नाहीत. त्यांनी फक्त घरं कुठं ते सांगितलं, तेही भिंतीकडे बघून.

दिघीचे धोंडीबा आक्कांचे चुलत भाऊ. गाव लष्कराच्या जमिनीला लागून. आम्ही पोचलो तेव्हा पलीकडे चांदमारी चालू होती, आणि प्रत्येक बाराला धोंडीबांच्या अंगणातल्या कोंबड्या एकदम उडी मारत. धोंडीबांच्या मते पिल्लं मरतात ती याच धसक्यानं.

“तुमच्या कोकनात हाय का असला दणका?”

“समुद्र आहे,” मी म्हणालो.

“मंग तितली पिल्लं दमदार असनार.”

धोंडीबा माळकरी. पलीकडेच आळंदी, सगळं वळण तिथलं. पण घरची कोंबडी कारभारणीची, आणि बहिणीकडचे पाहुणे आलेले. आम्ही पाणी पीत असतानाच कारभारीण मागे गेल्या आणि थोडा कलकलाट होऊन थांबला. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही जी कोंबडी मारा म्हणून सांगायला आलो होतो, ती आमच्याच मानासाठी मारली गेली होती.

अंगणात, घराबाहेर, तीन दगडांवर वेगळ्या भांड्यात ती शिजत होती. माळकऱ्याच्या घरातल्या चुलीला तिचा स्पर्श नको. धोंडीबा तिच्याकडे पाठ करून बसले होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, “शिजली का? पावन्यास्नी कच्ची नगं.” सगळ्या शास्त्रात त्या दिवशी एवढीच गोष्ट बरोबर चालली होती. कुसुम मागं जाऊन कारभारणीला हात धुवायला, विळी धुवायला गरम पाणी ओतून देत बसली, आणि ते करता करताच तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एक तर गेली. बाकीच्यास्नी पावनं कुटनं आनू?”

रस्सा तिखट होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून धोंडीबा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, नका वाईट वाटून घेऊ कोंबडीचं.”

चाकण

चाकणच्या बाजारात शिरलं की कांदा दिसतो, कांदा वास मारतो आणि कांदाच बोलतो. आक्कांची लेक सखू बाजाराच्या मागच्या आळीत होती. तिच्या अंगणात पिल्लं चालत होती. जिवंत, पुष्कळ. कुसुमचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

“बगा, वयनी,” सखू हसत म्हणाली, “माज्या जगल्या. पूड रोज टाकती. सकाळी तुळशीला पानी घातलं की चिमूटभर पिल्लांच्या पान्यात. येक दिस चुकत न्हाई.”

“रोज?”

“रोज. तुमी दिल्याली संपली, मंग हितल्या दुकानातनं आनली. थोडी थोडी वापरली का पुरती.”

कुसुमनं तिला टिकल्यांचं सांगितलं. चांगलं सांगितलं, माझ्याहून सोपं. रोजच्या चिमटीनं रोग मरत नाही, दबतो, शिकतो, आणि या जगलेल्या कोंबड्या मोठ्या होऊन अंड्यातून तोच शिकलेला रोग देतील. सखूचं हसू हळूहळू गेलं. पण उत्तर तिच्या सासूनं दिलं. दारात बसल्या बसल्या.

“जगल्यात त्या मारायच्या? नि मेल्या असत्या तर काय, पुरायच्या? म्हंजी दोन्हीकडनं आमचंच मरान. बाई, तुमी रोगाची अंडी दिली. आमी काय म्हनलो? काय न्हाई. आता वर श्यानपन शिकवाया आलाय.”

“आत्या, मला ठाऊक असतं तर दिली नसती.”

“ठावं नव्हतं तर आताबी ठावं न्हाई आसं समजा. चहा घ्या नि निगा.”

आम्ही चहा घेतला. घेतला नसता तर आणखी वाईट. परत येताना कुसुम पूर्ण रस्ताभर एकच वाक्य बोलली: “ती म्हणाली त्यात खोटं काय होतं?” मी तिच्याशेजारी नुसता बसलो. ते एव्हाना मला जमायला लागलं होतं.

पुन्हा पिंपरी

परतल्यावर दोन दिवस दारात कोणी आलं नाही. पाण्याला गेली की बायका गप्प होतात, कुसुम म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर पाय बांधलेली पांढरी कोंबडी. थोड्या वेळानं दुसरी. आणणारी बाई कोंबडी खाली ठेवायची, म्हणायची, “तुमचं तुमाला,” आणि वळायची. अर्धल मोडली की असं करतात. माल परत, बोलणं बंद.

दुपारपर्यंत ओटी भरली. डॉक्टर योगायोगानं आले, ते बघून खूश झाले. “वा! गावानं फार चांगलं सहकार्य केलं.” आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोगाच्या बाजूनं बघितलं तर डॉक्टरांचं अक्षरशः खरं होतं. त्यांना हव्या होत्या त्या कोंबड्या एका जागी आल्या होत्या. दिघीच्या आणि चाकणच्या तेवढ्या राहिल्या. तिकडे ते स्वतः जातो म्हणाले. नव्या पिल्लांसाठीचं औषध त्यांनी कुसुमच्या हातात दिलं, आधीची सूचना पुन्हा दिली, आणि गेले.

कुसुम ओटीवर कोंबड्यांच्या मध्ये बसून राहिली. वसंतराव म्हणाले, “बदली मागू का?” ती म्हणाली, “कुठं? जिथं कोंबड्या नाहीत तिथं?”

पुढचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. खड्डा, चुना.

त्यात आक्कांची कोंबडी नव्हती. हे मोजून कुणी पाहिलं नाही, पण घरातल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. आक्कांच्या कोंबडीचा तुरा एका बाजूला कलंडलेला, लांबूनही ती ओळखू यायची. मारली नाही, परत केली नाही, आणि भिंतीपलीकडे तिचा आवाजही येत नव्हता.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी जेवायच्या सुमारास आक्का आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं पातेलं. कुसुमसमोर ठेवून झाकण काढलं. कोंबडीचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग.

“निम्मा हाय,” आक्का म्हणाल्या. “निम्मा आमी खाल्ला. लई शिजिवलाय, हाडं बी इरगळली. इळी उकळत्या पान्यात टाकली, बास झालं?”

कुसुम म्हणाली, “आक्का, तुम्ही परत करायला हवी होती. सगळ्यांनी केली.”

“सगळ्यांनी मोडली असंल. मी कुटं मोडली?” आक्का फतकल मारून बसल्या. “खा. पावनं, तुमीबी खा. लई कोंबड्या मारल्या तुमी, येक तरी खा.”

आम्ही खाल्लं. पहिल्यांदाच त्या सगळ्या प्रकरणातली एक कोंबडी, रोग ठाऊक असून, जेवण म्हणून मेली होती. आक्का इकडचं तिकडचं बोलत राहिल्या: कुणाची सून माहेरी गेली, ज्वारीवर पाखरं किती. मग पदराची गाठ सोडत म्हणाल्या, “ते नवं औषीद दिलंय म्हनं डाक्टरनं. आमचं वासरू पातळ हगतंय कालधरनं. येक चिमूट दे यात बांदून.”

कुसुमचा हात ताटात थांबला. वसंतरावांनी पाण्याचा गडू उगीच उचलला. उभ्या गावात जिनं एकटीनं अर्धल मोडली नव्हती, ती पदराचं टोक पुढं करून बसली होती. कुसुमच्या जागी मी असतो तर दिली असती. एक काय, दोन चिमटी दिल्या असत्या, वर फुंकर घालून.

“नाही, आक्का,” कुसुम म्हणाली.

“काय न्हाई?”

“औषध नाही देणार. एक चिमूट पण नाही.”

आक्कांनी पदराकडे पाहिलं, मग कुसुमकडे, आणि मग माझ्याकडे वळल्या. आवाज पिंपरीभर जाईल असा. “ऐकलं का पावनं? तुमची बहीन! दोन वर्सं माज्या उंबऱ्यात ऱ्हाती, माजं मीठ मागून न्हेती, माज्या म्हशीचं दूद पेती, नि माज्या वासराला चिमूटभर पूड न्हाई! सून असतीस तर झिंज्या धरल्या असत्या कुसे तुज्या. चिकट मेली! नवऱ्यापरास चिकट!”

“डॉक्टर उद्या सकाळी दवाखान्यात आहेत,” कुसुम म्हणाली. “वासरू घेऊन जा. ते बघून देतील.”

“मी कशाला जाऊ? त्या साहेबाफुडं मला बोलाया येतं व्हय? म्हनंल, म्हातारे, किती येळा हगलं, कसं हगलं. तू चल संगं. सकाळी लौकर. नि आता ते ताट पालथं घालतीस का खातीस?”

कुसुम खाली मान घालून खाऊ लागली. खाताना हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. रस्सा इतका तिखट होता की दोन्हींचं पाणी सारखंच दिसलं असतं.

सकाळी मी पिशवी भरून ओटीवर आलो तर दोघी निघालेल्या. पुढं आक्का वासराचं दावं ओढत, मागं कुसुम त्याला ढकलत. वासराला जायचं नव्हतं आणि ते वाटेत आपलं दुखणं सगळ्यांना दाखवत चाललं होतं. पाण्यावरच्या बायका बघत उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “काय आक्का, कुटं?”

“हिला इचारा!” आक्का ओरडल्या. “ही न्हाई म्हनली म्हनून चाललीया मी. चिकट हाय ही, ध्येनात ठेवा, हिच्याकडं काय मागू नगा!”

त्या बाईनं हंडा खाली ठेवला आणि वासराला मागून ढकलायला हात लावला.

कुसुमनं वळून मला हात केला, बसची वेळ झाली हे विसरून. बस मी चुकवलीच. पुढची येईपर्यंत चुना मारलेल्या खुराड्यासमोर बसून वसंतरावांच्या बुरशीचा वास घेत राहिलो. आता तो तितका वाईट वाटत नव्हता.